सीमेवरचे पाचवे अक्षर

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून बातमी आली. सिकलसेल आजारावर भारतात घडवलेला पहिला क्रिस्पर-आधारित जनुकीय उपचार तयार झाला आहे. त्याचे नाव ‘बिरसा १०१’. संशोधन दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेचे असून पुढील काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले आहे. रायपुरात ही बातमी वणव्यासारखी फिरली. दुपारपर्यंत ती मला नऊ जणांनी पाठवली होती. त्यांतला एक संदेश माझ्या भाच्याचा होता. बातमीखाली त्याने एकच ओळ लिहिली होती, “आत्या, आपले अक्षर यात आहे का?”

मी उत्तर पाठवले, “नाही. आपले अक्षर वेगळे आहे.”

उत्तर खरे होते, पण अपुरे होते. त्याच्या ‘आपले’ या शब्दामागे आमच्या घराची दोन वर्षे आहेत, आणि खरे तर साठ वर्षे आहेत. त्याची आणि त्याच्या बायकोची परवानगी घेऊन, त्यांची नावे न घालता, ते सगळे आज लिहिते आहे. मी रायपुरात चौतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. तेव्हा या लेखात थोडा वर्गही येईल, त्याला इलाज नाही.

छत्तीसगढात सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. शाळेतली मुलेही ‘सिकलिन’ म्हणून तो आजार ओळखतात. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतून आली. मध्य भारतातली नोंद १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या जेमतेम दोन वर्षे आधीपर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, म्हणून ती नोंद मी आमचीही समजते. आज रायपुरात या आजारासाठी राज्याची स्वतंत्र संस्था आहे. १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचे कार्ड आता लग्नाच्या बोलाचालीत पत्रिकेच्या शेजारी ठेवले जाते. मला यात आनंदच आहे. पत्रिकेतले मंगळ-शनी कुणाचे बरेवाईट करतात ते मला ठाऊक नाही, पण कार्डावरच्या दोन अक्षरांचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे.

भाच्याचे लग्न ठरत होते तेव्हा हेच झाले. मुलगी इथलीच, छत्तीसगढी घरातली, बँकेत नोकरी करणारी. पहिल्याच भेटीत तिने पर्समधून कार्ड काढून टीपॉयवर ठेवले आणि स्पष्ट सांगितले, “बुआजी, मैं एएस हूँ।” म्हणजे सिकलची वाहक. हिमोग्लोबिनातली बीटा-ग्लोबिन साखळी घडवणाऱ्या जनुकाची एक प्रत नीट, एक सिकलची. तिला स्वतःला त्रास काही नाही. जोडीदारही सिकलचा वाहक असेल तर मात्र दर गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. तिचा धीटपणा मला आवडला. भाचा दुसऱ्याच दिवशी शिबिरात जाऊन तपासून आला. निष्कर्ष ‘निगेटिव्ह’. दादा-वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. आणि मी, घरातली एकमेव ‘सायन्सवाली’, सगळ्यांसमोर म्हणाले, “आता निश्चिंत राहा.”

ते वाक्य मला पुढे फार छळणार होते.

आधी सिकलचे अक्षर काय आहे ते पाहू. बीटा-ग्लोबिनचे जनुक आपल्या अकराव्या गुणसूत्रावर असते. जनुकाची लिपी चार अक्षरांची आहे, ए, टी, जी आणि सी. तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द आणि दर शब्दाला एक अमिनो आम्ल. बीटा साखळीत सहाव्या जागी ‘जीएजी’ असा शब्द असायला हवा. सिकलमध्ये मधल्या ‘ए’चा ‘टी’ झालेला असतो. एवढ्याने ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, प्राणवायू सोडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे होतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. मराठी मुलांना हे शिकवणे फार सोपे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची आख्यायिका प्रत्येकाला पाठ असते. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले की नाही हे इतिहासकारांनी पाहावे, पण ‘ध’चा ‘मा’ म्हणजे काय हे आमच्या मुलांना ठाऊक असते. सिकलसेल हा जनुकातला ‘ध’चा ‘मा’ आहे. अक्षर बदलले, शब्द बदलला, अर्थ फिरला.

भाच्याच्या रक्तात ‘ध’चा ‘मा’ नव्हता. शिबिरातली चाचणी जे शोधायला बनवली आहे ते तिने शोधले आणि सापडले नाही असे बरोबर सांगितले. चूक चाचणीची नव्हती. एका प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या प्रश्नाला लावले होते, ही चूक माझी.

साखरपुड्याच्या तयारीत वहिनी कपाट आवरत होत्या. भाच्याच्या जुन्या कागदांची फाइल त्यांनी माझ्या हातात दिली, “यातले काय टाकायचे बघा.” लहानपणापासूनचे रक्ततपासणीचे अहवाल. तो मुळात थोडा फिका, लवकर दमणारा. कुणीतरी कधीतरी ‘रक्त कमी’ म्हटले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या अधूनमधून बारा वर्षे चालू राहिल्या. मी आकडे वाचू लागले. हिमोग्लोबिन साडेबारा, म्हणजे किंचितच कमी. पण तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान ६४, जे ८०च्या वर असायला हवे. आणि पेशींची संख्या मात्र एकसष्ट लाख, नेहमीपेक्षा जास्त. लोह कमी पडले की पेशी लहान होतात हे खरे, पण मग त्यांची संख्याही रोडावते. पेशी बारक्या आणि संख्येने भरपूर, हे चित्र वेगळ्या गोष्टीचे. दर अहवालात ते तसेच होते. इतकी वर्षे ते कुणी वाचले नव्हते, आणि त्या ‘कुणी’त मी होते.

रात्री मला झोप आली नाही. सकाळी त्याला घेऊन गेले आणि एचपीएलसी करवली. हिमोग्लोबिन ए-टू ५.४ टक्के. साडेतीनच्या वर गेले की बीटा-थॅलेसेमियाचा वाहक समजतात. पुढे डीएनए तपासणीसाठी नमुना बाहेरगावी पाठवला. तीन आठवड्यांनी एका ओळीचा निष्कर्ष आला. आयव्हीएस १-५, जी ते सी.

या ओळीचा अर्थ असा: बीटा-ग्लोबिन जनुकातल्या पहिल्या मध्यंतराचे पाचवे अक्षर ‘जी’ हवे, ते एका प्रतीत ‘सी’ आहे. मध्यंतरात. म्हणजे जिथे प्रथिनाचा एकही शब्द लिहिलेला नाही अशा जागी.

माझे एम.एस्सी. १९८० चे. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९७७ मध्ये, फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी एका विषाणूवर काम करताना दाखवले होते की जनुक सलग नसते. अर्थपूर्ण मजकुराचे तुकडे असतात आणि मध्ये मध्ये असा मजकूर असतो की जो आरएनएची पहिली प्रत निघाल्यावर कापून टाकला जातो. उरलेले तुकडे जोडले जातात आणि मग त्यावरून प्रथिन बनते. १९७८ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी तुकड्यांना एक्सॉन आणि मधल्या मजकुराला इंट्रॉन ही नावे दिली. कापण्या-जोडण्याचे नाव स्प्लायसिंग. शार्प आणि रॉबर्ट्स यांना १९९३ चे नोबेल मिळाले. आमच्या पुस्तकांत हे सारे फार उशिरा आले, आणि आले तेव्हा दोन ओळींत आले. मीही ते दोन ओळींत शिकवले. “इंट्रॉन म्हणजे निरर्थक भाग, कापून फेकला जातो.” फळ्यावर फेकण्याची खूण म्हणून मी केराच्या टोपलीचे चित्र काढत असे. मुले हसत. चौतीस वर्षांत किती मुलांच्या वहीत ती टोपली गेली असेल!

त्या टोपलीतले अक्षर माझ्या भाच्याच्या रक्तात होते. आणि मग तपासले तर दादाच्या. आणि माझ्याही.

हे समजून घेताना मला आजोबांची पाटी आठवली. भोसल्यांच्या अमलात, बिंबाजी रतनपुराला आले तेव्हापासून, या मुलखात मराठी कारकून येत राहिले. आमचे कुणी पूर्वज त्यांच्यापैकी. तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात मोडी कागदांचा एक रुमाल होता. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. वर एक सलग रेघ ओढतात आणि तिला अक्षरे लटकवत जातात. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचे. आजोबा पाटीवर ‘आजीवनदान’ असे लिहीत आणि विचारत, तोड कुठे? ‘आजीवन दान’ म्हटले तर एखाद्याला जन्मभराचे उत्पन्न मिळाले. ‘आजी, वनदान’ म्हटले तर आजीबाईंच्या नावे जंगल झाले. अक्षर एकही बदललेले नाही, तोड सरकली. “मोडी वाचता येणे म्हणजे अक्षरे ओळखणे नव्हे, तोड ओळखणे,” असे ते म्हणत. सिकल हा अक्षराचा रोग आहे आणि आमचा हा तोडीचा. मोडीत निदान मजकूर गाळायचा नसतो. पेशीला तोड ओळखायची, मधले गाळायचे आणि उरलेले सांधायचे, अशी तिन्ही कामे करावी लागतात.

पेशी तोड ओळखते कशी? इंट्रॉनच्या सुरुवातीला जवळजवळ नेहमी ‘जीटी’ ही दोन अक्षरे असतात आणि शेवटी ‘एजी’. पण जीटी तर जागोजागी असतात, एवढ्यावर भागत नाही. म्हणून पुढची तीन-चार आणि अलीकडची दोन-तीन अक्षरेही पाहिली जातात. पाहणारा आहे यू-वन नावाचा एक छोटा आरएनए. तो या अक्षरांशी जोड्या जुळवून बसतो. जितक्या जोड्या जुळतील तितका घट्ट बसतो. तो बसला की शंभराहून अधिक प्रथिनांचे यंत्र त्याच्याभोवती जमते आणि कात्री चालते. बीटा-ग्लोबिनमध्ये तीन एक्सॉन आणि दोन इंट्रॉन. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा साडेआठशेच्या आसपास. पहिल्या इंट्रॉनची सुरुवात ‘जीटीटीजीजीटी’ अशी होते. यातले पाचवे अक्षर ‘जी’ म्हणजे यू-वनच्या बसण्याच्या जागेतला एक पाया. त्याचा ‘सी’ झाला की यू-वनची बैठक ढिली होते.

कात्री मग थांबत नाही. ती आसपास दुसरी बरी जागा शोधते. हे १९८३ मध्ये ट्राइझमन, ऑर्किन आणि मॅनिआटिस यांनी फार सुंदर रीतीने दाखवले. खऱ्या तोडीच्या १६ अक्षरे अलीकडे एक जीटी दडून असते, ३८ अक्षरे अलीकडे दुसरी, आणि १३ अक्षरे पलीकडे, इंट्रॉनच्या पोटात, तिसरी. निरोगी माणसात या तिघींकडे कुणी पाहत नाही. पाचवे अक्षर बिघडले की कात्री या तिन्ही जागी चालू लागते. म्हणजे पहिला एक्सॉन कधी १६ अक्षरांनी आखूड होतो, कधी ३८ नी, कधी काही अक्षरांनी लांब.

आता आखूड होण्याचे हे दोन आकडे पाहा. वाचन तीन-तीन अक्षरांचे आहे. सोळाला तिनाने भागा, एक उरतो. अडतीसला भागा, दोन उरतात. दोघांतला एकही तिनाच्या पाढ्यात बसत नाही. त्यामुळे अशा प्रतींत सांध्यानंतरचा प्रत्येक शब्द सरकून वाचला जातो, लवकरच चुकीच्या जागी पूर्णविराम येतो आणि पेशी ती प्रतच नष्ट करते. योग्य तोड अगदी थोड्या वेळा साधते, म्हणून बीटा-ग्लोबिन तुटपुंजे बनते. एक प्रत अशी असेल तर माणूस थोडा फिका राहतो, एवढेच. दोन्ही प्रती अशा असतील तर थॅलेसेमिया मेजर, आणि जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त घेणे. भारतात बीटा-थॅलेसेमियाला कारण ठरणाऱ्या बदलांत हाच बदल सर्वाधिक आढळतो. सीमेवरचे पाचवे अक्षर.

एक्सॉनची सीमा सरकणे हे प्रत्येक वेळी संकट मात्र नसते, आणि हे मला निवृत्तीनंतर नीट कळले. आपल्याकडे प्रथिनांची जनुके सुमारे वीस हजार, जवळपास तितकीच एका मिलिमीटरच्या गोलकृमीकडे. मग आपला पसारा एवढा कसा? एक कारण असे की आपली बहुतेक जनुके एकाहून अधिक रीतींनी तोडली-सांधली जातात. २००८ मध्ये निघालेल्या अंदाजाप्रमाणे एकाहून अधिक एक्सॉन असलेल्या मानवी जनुकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जनुकांत हे घडते. एकाच जनुकातून थायरॉइड ग्रंथी कॅल्सिटोनिन नावाचे संप्रेरक बनवते आणि चेतापेशी वेगळाच संदेशवाहक बनवतात, कारण दोघींनी वेगवेगळे एक्सॉन ठेवले. हे पर्यायी स्प्लायसिंग.

मला सर्वांत भावलेले उदाहरण डब्ल्यूटी-वन या जनुकाचे. मूत्रपिंड आणि जननग्रंथी घडताना ते लागते. त्याच्या नवव्या एक्सॉनच्या शेवटी तोडीच्या दोन जागा आहेत, एकमेकींपासून नऊ अक्षरांवर. नऊ! तिनाच्या पाढ्यातला आकडा. म्हणून दुसऱ्या जागी तोडले तर पुढचे वाचन सरकत नाही, फक्त तीन अमिनो आम्ले जास्त येतात. शरीराला दोन्ही रूपे हवी असतात, आणि ठरावीक प्रमाणात हवी असतात. तिथल्या इंट्रॉनच्या आरंभी अक्षर बदलून लांब रूप कमी पडले तर फ्रेझिअर सिंड्रोम नावाचा मूत्रपिंडाचा आणि जननग्रंथींचा विकार होतो. म्हणजे सीमेची सरकासरक हे पेशीचे रोजचे हत्यार आहे. बीटा-ग्लोबिनला ते हत्यार नको असते, तिथे एकच तोड खरी.

आणखी एक गंमत सांगते, गंमत हा शब्द इथे शोभत नसला तरी. ईशान्य भारतात आढळणाऱ्या हिमोग्लोबिन ई मध्ये सव्विसाव्या शब्दातला ‘जी’ बदलून ‘ए’ होतो. शिकवताना मी त्याला सिकलच्या शेजारी बसवत असे, अक्षर बदलले, अमिनो आम्ल बदलले, संपले. पण हा बदल नेमका त्या सोळा अक्षरे अलीकडच्या दडलेल्या तोडीत पडतो आणि तिला खऱ्या तोडीसारखी दिसायला लावतो. म्हणून काही प्रती तिथे तुटतात आणि साखळी कमी बनते. एकाच अक्षराने शब्दही बिघडवला आणि तोडही. तेव्हा ‘ध’चा ‘मा’ आणि पदच्छेद ही माझी विभागणीही वर्गापुरतीच खरी.

साठ वर्षांचे म्हणाले होते, तिकडे येते. मला एक धाकटा भाऊ होता. १९६६ मध्ये, चार वर्षांचा असताना तो गेला. मी आठ वर्षांची होते. तो पांढराफटक होता, पोट पुढे आलेले, गालाची हाडे वर, इतकी की पाहुणे म्हणत, हा तुमच्यासारखा दिसत नाही. आई त्या वाक्याने रडे. कुणी दृष्ट काढली, कुणी बुढापाऱ्यातल्या वैद्यांचे नाव सांगितले, वैद्यांनी मंडूर भस्म दिले. मंडूर म्हणजे लोहच. त्याचे शरीर लोह जमवत होते आणि रक्त बनवू शकत नव्हते, आणि आम्ही त्याला चाटणातून आणखी लोह देत होतो. साठ वर्षांनी त्याच्या पुतण्यालाही लोहच दिले गेले. त्याची तपासणी कुठलीच झाली नाही, एक फोटो तेवढा आहे. पण आता त्या फोटोकडे पाहताना त्याच्या कपाळाची हाडे मी ओळखते. आई वर्ध्याची, वडील रायपूरचे. दोघेही थोडे फिके, जन्मभर धडधाकट. आईने पुढची तीस वर्षे मानले की तिच्या हातून काहीतरी राहून गेले. ती गेली तेव्हा हे सांगण्याइतके ज्ञान जगात होते, माझ्यापाशी नव्हते.

आता भाच्याचा प्रश्न. मुलगी सिकलची वाहक, तो थॅलेसेमियाचा. दोघांपैकी कुणीही आजारी नाही. पण दर गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की मूल आईकडून सिकलची प्रत घेईल आणि बापाकडून ही तोड चुकलेली. त्याला सिकल-बीटा-थॅलेसेमिया म्हणतात, आणि आमच्या अक्षरासोबत तो बहुधा सिकलसेल आजाराइतकाच छळतो. दोघांनी केवळ सिकलची चाचणी केली असती तर एक ‘एएस’ आणि एक ‘निगेटिव्ह’ घेऊन निर्धास्त घरी आले असते. तसे ते आलेच होते. वर मी साखर खाल्ली होती.

हे दोघांना सांगायचे काम माझ्यावर आले. तेलीबांधा तलावाच्या काठी बाकावर बसून मी कागदावर चार चौकोन काढले. मुलीने सगळे ऐकून घेतले आणि भाच्याला म्हणाली, “चला, आता दोघांचेही काहीतरी आहे.” तो हसला. मला हसू येईना. तिच्या घरी मात्र वादळ झाले. आयुष्यभर ज्या कार्डापायी तिला ‘तुझ्यात दोष’ असे ऐकावे लागले, त्या कार्डाचा हिशेब आता समोरच्या घरालाही लागू झाला होता. आमच्या घरातही कुणीतरी पुटपुटले की आपल्यात असले काही नसते. तेव्हा मी रुमालातून भावाचा फोटो काढून टेबलावर ठेवला. लग्न फेब्रुवारीत झाले. दहा ते बारा आठवड्यांच्या गर्भाची तपासणी करता येते, त्यासाठी दोघांची अक्षरे आधी ठाऊक असावी लागतात, ती आता आहेत. पुढचा निर्णय त्यांचा, त्यात आत्याने पडायचे नाही असे मी स्वतःला बजावले आहे.

तर, भाच्या, ‘आपले अक्षर यात आहे का?’ याचे लांब उत्तर असे. बिरसा १०१ ज्या अक्षराच्या मागे आहे ते तुझ्या बायकोचे अक्षर. तुझे नाही. ज्यांच्या दोन्ही प्रतींत तुझे अक्षर आहे त्यांना त्या दुरुस्तीचा उपयोग नाही. पण तुम्हां दोघांची अक्षरे एकाच मुलात आली, तर तत्त्वतः सिकलची एक प्रत दुरुस्त झाली की त्या मुलाकडे एक नीट आणि एक तुझी प्रत उरेल, म्हणजे ते तुझ्याइतकेच धडधाकट. हे तत्त्व झाले. औषध हाती येणे आणि ते तुमच्या खिशाला परवडणे ही वेगळी गोष्ट. २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेला कॅसजेव्ही हा उपचार गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतो, म्हणून तो सिकल आणि थॅलेसेमिया दोन्हींवर चालतो, पण अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे.

आणि तोडच दुरुस्त करता येते का? येते. १९९३ मध्ये डोमिन्स्की आणि कोल यांनी परीक्षानळीत थॅलेसेमियाच्याच आरएनएवर दाखवले की चुकीची तोड एका छोट्या कृत्रिम तुकड्याने झाकली तर कात्री खऱ्या तोडीकडे परतते. कल्पना आपल्या आजारावर जन्मली, फळ मात्र दुसरीकडे धरले. मुलांचे स्नायू दुर्बळ करणाऱ्या एसएमए या आजारात एसएमएन-टू जनुकाच्या सातव्या एक्सॉनचे सहावे अक्षर असे बदललेले असते की अमिनो आम्ल तेच राहते, पण कात्री तो एक्सॉनच गाळते. २०१६ मध्ये मंजूर झालेले नुसिनर्सेन हे औषध शेजारच्या इंट्रॉनला, माझ्या टोपलीतल्या मजकुराला, चिकटून तो एक्सॉन परत आणते. तेच काम तोंडाने घेण्याचे रिसडिप्लाम करते. त्याच्या भारतीय आवृत्तीला रोखण्याची रोश कंपनीची याचिका ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली आणि सहा लाखांच्या वर असलेल्या बाटलीसमोर १५,९०० रुपयांची नॅटकोची बाटली उभी राहिली. ही बातमी रायपुरात मला कुणीच पाठवली नाही. माझ्या मते त्या दोन महिन्यांतली ती सिकलच्या बातमीइतकीच मोठी बातमी होती.

मोहिमेविषयी माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती कामाच्या कळकळीतून आहे. विद्राव्यता चाचणी आणि शिबिरातले झटपट किट सिकल पकडतात. थॅलेसेमियाचा वाहक त्यांतून सुखरूप निसटतो. ‘एएस’ कार्ड असलेल्या प्रत्येकाच्या जोडीदाराचे साधे सीबीसी तरी पाहावे, आणि पेशी बारक्या असतील तर ए-टू मोजावे. कार्डावर ‘निगेटिव्ह’ एवढेच न छापता ‘सिकलसाठी निगेटिव्ह’ असे छापावे. एका शब्दाचा खर्च आहे.

दादाने स्वतःहून नात्यातल्यांची यादी केली आहे. अमरावती, वर्धा, जबलपूर, पुणे. एकवीस नावे. सात जणांनी तपासणी केली, त्यांत तिघे निघाले. दोघांनी फोन ठेवून दिला. काल रात्री वर्ध्याच्या मामेबहिणीचा फोन आला. तिच्या नातीचे ठरते आहे, मुलगा गडचिरोलीकडचा, त्याच्याकडे कार्ड आहे, ‘एएस’. नातीची सिकल तपासणी निगेटिव्ह आली म्हणून ती आनंदात होती. मी तिला नातीच्या जुन्या अहवालांचे फोटो पाठवायला सांगितले आहे.